पेटीवरचं शून्य

६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. रोजनिशीत सगळं पहिल्यापासून लिहावं म्हणतात, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

सेफ्टी ऑफिसर मागच्या आठवड्यात नोकरी सोडून गेला. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं की मेंटेनन्सबरोबर सेफ्टीही आता तुम्हीच बघा. पगार तोच. हेल्मेट मात्र पांढरं मिळालं, पूर्वीचं पिवळं होतं.

आमचं कोल्ड स्टोरेज. पुढे फळं, भाज्या, मासे. मागे कंप्रेसर रूम. थंडावा अमोनियाने होतो. पाइपात आहे तोवर कामाचा गॅस, बाहेर आला की विष. आधी डोळे, मग घसा, मग छाती. सव्वीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून डबा खातोय. या प्लांटचा खरा अलार्म म्हणजे माझं नाक, असं जुने लोक म्हणायचे. जुने लोक आता राहिले नाहीत. नाक आहे.

गेटवर फलक आहे: अपघाताविना दिवस. आज २१२. रोज सकाळी खडूने आकडा बदलणं आता माझ्याकडे. तीनशे झाले की साहेब छोटासा समारंभ करणार. स्मृतिचिन्ह आणि दोन शब्द. दोन शब्द मी बोलायचे.

संकल्प: रोज लिहिणार. खोटं लिहिणार नाही. भाषण आधीच तयार ठेवणार.

८ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहायचं राहिलं.

कंप्रेसर रूममधला गॅस मीटर दोन वर्षं बंद आहे. भिंतीवर आहे अजून, त्याच्यावर ऑपरेटर लोक नॅपकिन वाळत घालतात. नव्या मीटरचं कोटेशन साहेबांना दाखवलं. साहेबांनी ते पालथं करून त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, काहीतरी किफायतशीर शोधा. मी म्हणालो, माझं नाक आहे. साहेब म्हणाले की तपासणीला माणूस आला तर नाक फायलीला लावता येणार नाही. मुद्दा बरोबर आहे.

घरी जेवताना सहज विषय काढला. कन्या केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा कॉलेजचा प्रोजेक्टच हा निघाला: कामाच्या जागी विषारी गॅस ओळखणारा स्वस्त ऑप्टिकल सेन्सर. एक जोडी बुटांच्या किमतीत होतो म्हणे. काखेत कळसा नि गावाला वळसा. ही म्हणाली की पोरगी सहा महिने जेवताना हेच सांगते आहे. मला आठवत नाही. एकूण तो प्लांटला लावायची कल्पना माझी.

१२ फेब्रुवारी, रविवार

कन्येने पेटी आणली. साबणाच्या डबीएवढी. आत रंग लावलेला कागदाचा तुकडा. त्याच्या एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा डोळा. हवा चांगली असली की कागद पिवळा. अमोनिया लागला की हिरवा, मग निळा. रंग बदलला की पलीकडे उजेड कमी पोचतो आणि पेटीवरचा आकडा चढतो. गॅस गेला की कागद परत पिवळा, आकडा खाली. पंचवीसच्या वर गेला तर लाल दिवा आणि भोंगा. तिचं सांगून व्हायच्या आधीच मला सगळं समजलं होतं.

एकच गोष्ट तिने तीनदा सांगितली. रोज सकाळी पेटी बाहेर मोकळ्या हवेत न्यायची, पाच मिनिटं थांबायचं, तिथेच शून्याचं बटण दाबायचं आणि मग आत आणायची. झाकणावर मार्करने लिहूनही ठेवलं: शून्य बाहेर करणे. बापाला इतकं समजावणं बरं दिसत नाही, पण कौतुक म्हणून ऐकून घेतलं.

हिने एवढंच विचारलं की याने धाकट्याचं भलं होईल ना. धाकटा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. कंप्रेसर रूमला ऑपरेटर आहे. मीच चिकटवला. एकटाच राहतो. दोन महिने झाले खोकतोय, उशी भिंतीला लावून बसून झोपतो म्हणे. मी हिला शब्द दिला की पेटी लागल्यावर त्याच्या नाकात गॅसचा कण जायची बिशाद नाही. हिने पदर खोचला. मग भांडी आवरायला गेली.

१३ फेब्रुवारी, सोमवार

फलक २१९.

सकाळी पेटी गेटबाहेर नेली. पाच मिनिटं हातात धरून उभा. येणारे-जाणारे बघत होते. शून्य केलं, कंप्रेसर रूममध्ये आणली. ५. १४. २२. मग ३१. लाल दिवा, भोंगा. धाकटा स्टुलावरून दचकून उठला.

मी शांत. डोळे मिटून खोल श्वास घेतला. एकदा, दोनदा. वास? काही नाही. एकीकडे सव्वीस वर्षांचं नाक, एकीकडे सहा महिन्यांचा कागद. पेटी नवीन जागा बघून बुजली असणार.

मग डोकं चालवलं. भाजीवाला काटा शून्यावर आणायला तराजू घेऊन मैदानात जातो का? जिथे मोजायचं तिथेच शून्य करायचं, साधी अक्कल आहे. पुस्तकात नसते. कंप्रेसर रूममध्ये उभं राहून बटण दाबलं. ०. भोंगा बंद. एकदम बरं वाटलं.

रजिस्टरमध्ये नोंद: ०. इथे वर ३१ लिहिलं गेलंय ते राहू दे. खोडाखोड मला आवडत नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

०. साहेबांनी पाठ थोपटली.

१५ फेब्रुवारी

०.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

०. झाकणावरचं कन्येचं अक्षर गबाळं दिसतं. त्यावर कंपनीचा स्टिकर चिकटवला. मापात बसला.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

स्टोअरकीपर सहीसाठी आला. त्याला बारा महिने सर्दी, म्हणून सगळे शिंकोबा म्हणतात. शिंकोबा दारातच थांबला, रुमाल नाकाला लावला, म्हणाला सही बाहेर येऊन करा, आत डोळे झोंबतात. ज्याचं नाक जन्मभर चोंदलेलं त्याला वास येतो आणि मला येत नाही! त्याला पेटी दाखवली. ०. तो म्हणाला, मग पेटीलाही सर्दी झाली असेल. मी हसलो नाही. उंटावरचे शहाणे सगळीकडे असतात.

सही बाहेर जाऊन केली. मोठेपणा म्हणून.

२७ फेब्रुवारी, सोमवार

कागद दर सोमवारी बदलायचा, तो बदलला. शिस्तीत मी कमी नाही.

कन्येने घरी विचारलं की जुना कागद काढला तेव्हा रंग कसा होता. पोपटी, मी म्हणालो. तिने घास हातात धरूनच विचारलं, पोपटी असेल तर आकडा शून्य कसा. म्हटलं ट्यूबलाइटमुळे तसं वाटत असेल. ती म्हणाली मी येऊन बघते. म्हटलं बाहेरच्यांना पास लागतो. पास मीच देतो, पण तो मुद्दा वेगळा.

३ मार्च, शुक्रवार

दुपारी आकडा ७ झाला होता. बटण दाबलं. ०. यापुढे सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. नियमितपणा हाच सेफ्टीचा पाया. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

६ मार्च, सोमवार. दुपारी

धाकटा केबिनमध्ये आला, उभाच राहिला. भावोजी, मला पॅकिंगला टाका म्हणाला. छाती भरून येते. त्याला समजावलं की सख्ख्या मेहुण्याला हलकं काम दिलं तर लोक काय म्हणतील, शिवाय ऑपरेटर मिळतात कुठे. त्याला पेटीपाशी नेलं. शून्य दाखवलं. तो शून्याकडे टक लावून बघत होता. डोळे लाल होते. झोप कमी होत असेल.

मग त्याच्या मास्ककडे लक्ष गेलं. त्याला म्हटलं, आकडा शून्य आणि तुझ्या तोंडावर मास्क, बघणाऱ्याला काय वाटेल? पेटीवर आपला विश्वास नाही असंच ना? त्याने मास्क काढला. घडी घालून बंद पडलेल्या मीटरवर टांगला. गुणी पोरगा आहे. उलट उत्तर म्हणून नाही.

हिला संध्याकाळी सांगितलं की त्याला आता मास्कसुद्धा लागत नाही, इतकी हवा शुद्ध. ही म्हणाली, विषाची परीक्षा कशाला घ्यायची. बायकांना विज्ञान समजावणं अवघड.

आपल्या घरात विज्ञान शिकणारी बाई आहे हे नंतर लक्षात आलं. तेव्हा विषय संपला होता.

१६ मार्च, गुरुवार

धाकट्याला ताप. ही दोन दिवस त्याच्या खोलीवर राहायला गेली होती. कन्या कॉलेजच्या टूरवर. मी एकटा. शांतता होती. भाषणाची दोन पानं झाली.

संध्याकाळी ही परत आली. दार उघडलं आणि दोन पावलं मागे गेली. मग पदर नाकाला लावून सरळ आत येऊन पलंग सरकवला. खाली उंदीर मरून पडला होता. किमान दोन दिवसांचा. त्याच्यावर मी दोन्ही दिवस झोपलो होतो. मी म्हणालो, मला शंका होतीच. ही म्हणाली, एरवी नाकाने कांदे सोलता.

खिडक्या उघडल्या, फरशी तीनदा पुसली. मी पेटीबद्दल विचार करत होतो. उंदरासाठीही असा कागद निघाला पाहिजे.

१७ मार्च, शुक्रवार

दूध उतू जाऊन जळलं. मी स्वयंपाकघरातच बसलो होतो, भाषण लिहीत. ही बाहेरून धावत आली. तिला सांगितलं की विचारात होतो. ती भांडं घासत राहिली. मला काही वाटलं नाही. आजकाल फारसं काही वाटत नाही, हे वयाचं लक्षण असावं.

२२ मार्च, बुधवार

मुख्य कचेरीतल्या बाई भेटीला आल्या. साहेबांनी कंप्रेसर रूममध्ये आणलं. मी पेटीसमोर उभा राहून माहिती सांगितली: कागद, दिवा, डोळा, आकडा. मनापासून बोललो. बोलता बोलता बघतो तर बाईंच्या डोळ्यांत पाणी. साहेबांच्याही. इतका परिणाम मला अपेक्षित नव्हता. धाकटाही कोपऱ्यात डोळे पुसत होता, पण तो घरचाच.

बाहेर गेल्यावर बाईंनी विचारलं की इथे नेहमी असंच असतं का. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर उघडून दाखवलं: शून्य, शून्य, शून्य. सगळी पानं. बाई म्हणाल्या, मग माझेच डोळे आले असतील. साहेब म्हणाले, माझेही.

बाईंनी पेटीचा फोटो काढला. माझाही काढला. नंतर घरी सांगितलं तर कन्या ताट अर्धं टाकून उठली. म्हणाली, बाबा, पालथ्या घड्यावर पाणी. कोणता घडा, कोणतं पाणी? विचारायच्या आत खोलीत गेली.

३१ मार्च, शुक्रवार

फलक २६५. स्मृतिचिन्हाची ऑर्डर गेली. काचेचं. माझ्या नावासह. भाषणाचा शेवट अजून बसत नाही. ‘शून्य अपघात’ आणि ‘शून्य गॅस’ यांपैकी कोणतं शून्य शेवटी घ्यावं?

धाकटा परत कामावर. खोकला आहे. खोकल्याचं औषध घे म्हणून बजावलं.

आज बटण चारदा दाबावं लागलं.

५ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ, हॉस्पिटलचा बाक

सकाळी फलकावर २७० लिहिलं.

साडेदहाला भोंगा. गेलो. आकडा २६. वास नाही. बटण दाबलं, ०. परत केबिनमध्ये येऊन बसलो. भाषणाचा शेवट.

अकराला धाकट्याचा इंटरकॉम. भावोजी, परत वाजतोय, बाहेर येऊ का. मी म्हणालो, बाहेर कशाला, लक्ष नसलं आणि कंप्रेसर थांबला तर सगळा माल खराब होईल. पेटीवरचं बटण दाब. त्याने दाबलं. भोंगा थांबलेला मला फोनवर ऐकू आला. शून्य आलं भावोजी, म्हणाला. मी म्हणालो, बघ.

सव्वाअकराला परत. मी वाट बघितली. दाबेल बटण. थांबला नाही. वाजतच राहिला.

पोचलो तेव्हा शिंकोबा त्याला काखेत हात घालून उलटा उलटा ओढत बाहेर आणत होता. तोंडावर ओला रुमाल बांधलेला. कंप्रेसरच्या शाफ्टचं सील गेलं होतं. बरेच महिने झिरपत होतं, आज पुरतं फाटलं. धाकट्याचे डोळे मिटलेले, छातीतून शिट्टीसारखा आवाज. मी दारात. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. वास काहीच नव्हता. तेव्हासुद्धा मी हवा हुंगून बघत होतो.

ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, बघू.

ही आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये तिची पिशवी. तिने मला शब्दाची आठवण करून दिली नाही.

६ एप्रिल, गुरुवार

फलकावर ० लिहिलं. एवढंच.

धाकट्याचा धोका टळला म्हणतात. डोळे वाचले. छातीचं नंतर कळेल.

पेटी घरी आणली. बिघाड शोधायला. गॅलरीत ठेवली, मोकळ्या हवेत. पाच मिनिटांनी बघितलं. उणे ८८.

उणे! पहिला विचार असा आला की आमच्या गॅलरीची हवा शुद्ध हवेपेक्षा अठ्ठ्याऐंशीने शुद्ध आहे. हा विचार मी बराच वेळ धरून ठेवला.

कन्या आली. आकडा बघितला. नखाने स्टिकर खरवडला, खाली तिचं अक्षर. मग तिथेच फरशीवर बसली आणि हळू आवाजात सांगितलं. शेवटचं बटण दाबलं तेव्हा कंप्रेसर रूमच्या हवेत अठ्ठ्याऐंशी होते. पेटीला ती हवा शून्य म्हणून शिकवली गेली. पेटी शिकवलेलंच सांगते. तिने विचारलं, शेवटचं बटण कुणी दाबलं. धाकट्याने, मी म्हणालो. कुणी सांगून, हे तिने विचारलं नाही.

मग विचारलं की पहिल्या दिवशी तरी बाहेर शून्य करून आत नेली होती ना, तेव्हा किती आला होता. मी म्हणालो, आठवत नाही.

ती गेल्यावर ही वही मागे चाळली. १३ फेब्रुवारी. ३१. माझ्याच अक्षरात. पेटीने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि मी लिहूनही ठेवलं होतं.

शरम वाटली. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१० एप्रिल, सोमवार

साहेबांनी बोलावलं. चौकशीचा कागद भरायचा आहे. साहेब म्हणाले, उपकरण सदोष होतं असं लिहा, म्हणजे कुणालाच त्रास नाही. उपकरण कुणी बनवलं या रकान्यात कॉलेजचं आणि कन्येचं नाव येईल, पण विद्यार्थ्यांना कोण काय करतंय.

नव्या मीटरचं कोटेशनही मंजूर झालं. फेब्रुवारीतलंच. त्यावर कपाचा गोल डाग आहे. डागासकट सही झाली.

कागद भरला. उपकरण सदोष. सही उद्या करतो म्हणालो. पेन चालत नव्हतं असं सांगितलं. पेन चालत होतं.

११ एप्रिल, मंगळवार

नवा कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं: १३ फेब्रुवारी, ३१. शून्य आत केलं. मी केलं. सही.

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. पांढरं हेल्मेट टेबलावर ठेवून आलो. बाहेर आल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

कंपनीने नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळे बांधून चार बाटल्या हुंगायला दिल्या. कॉफी, मी म्हणालो. साबण. लवंग. रॉकेल. चारही ठामपणे सांगितल्या. चारही चुकल्या. रॉकेल म्हणालो ते लिंबू होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं की शेवटचा वास कधी आल्याचं आठवतं. विचार केला. कन्या लहान असताना तिच्या डोक्याला तेल लावायचो, त्याचा. कन्या आता एकवीस. बाई म्हणाल्या, तेव्हापासून हळूहळू गेलं असेल, रोज थोडं थोडं गेलं की कळत नाही. परत येईलच असं नाही. सवय म्हणून रोज सकाळी चार वास घ्या: लिंबू, लवंग, कॉफी, साबण. हाती काही लागतंय का बघा.

म्हणजे गेली पंधरा-सोळा वर्षं प्लांटचा अलार्म बंद होता. त्यावर नॅपकिन मात्र कुणी वाळत घातला नाही.

२४ एप्रिल, सोमवार

लिंबू, थोडा. लवंग, थोडा. कॉफी, बऱ्यापैकी. हिला सांगितलं की सुधारणा आहे. ही बाटल्या भरते, सकाळी समोर मांडते, झाकणं लावते.

धाकटा हॉस्पिटलातून खोलीवर गेला.

५ मे, शुक्रवार

आज तीनशेवा दिवस असता. फलकावर २९. फलक आता शिंकोबा लिहितो. सेफ्टी त्याच्याकडे दिली. पांढरं हेल्मेट त्याला मोठं होतं, शिंकला की डोळ्यांवर येतं. रोज सकाळी कन्येची पेटी घेऊन तो गेटबाहेर पाच मिनिटं उभा असतो. नवे मीटर लागलेत, तरी उभा राहतो. मी पिवळं हेल्मेट घालून शेजारून आत जातो.

दुपारी दुकानातून स्मृतिचिन्ह घरी आलं. ऑर्डर रद्द करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जाड काच, सोनेरी अक्षरं: ३०० सुरक्षित दिवस. खाली माझं नाव. हिने ते हातात घेऊन वजन बघितलं आणि गॅलरीच्या दाराला टेकण म्हणून लावलं. ते दार वाऱ्याने आपटतं.

धाकटा भेटायला आला. आमचे दोन जिने. चढताना तीनदा थांबला. मी वरून कठड्याशी उभा राहून बघत होतो. डॉक्टर म्हणतात, छाती आता एवढीच. जड काम नाही. पुढच्या महिन्यापासून पॅकिंगला. पॅकिंगच त्याने मागितलं होतं.

ही चहा करायला आत गेली तेव्हा त्याला विचारलं. बरेच दिवस विचारायचं होतं. म्हटलं, तुला तिथे वास येत होता का. तो म्हणाला, येत होता की भावोजी, पहिल्यापासून. मी विचारलं, मग कधी ठासून बोलला का नाहीस. त्याला दम लागला होता, जरा थांबला. मग म्हणाला, तुम्ही शून्य दाखवलंत ना, तेव्हा मला वाटलं माझंच नाक बिघडलंय.

रागाने नाही म्हणाला. सांगायचं म्हणून सांगितलं. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. मला रडू आलं. कंप्रेसर रूम नव्हती, घर होतं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चहा पिऊन गेला. उतरताना एकदाच थांबला.

तो गेल्यावर हिने बाटल्या मांडल्या. सकाळच्या राहिल्या होत्या. लिंबाची नाकाशी धरली. रोजच्या सवयीने ‘थोडा’ तोंडावर आला होता. तो गिळला. म्हणालो, येत नाही. एकदाही आला नव्हता.

ही म्हणाली, माहीत आहे. मंगळवारपासून चारही बाटल्यांत पाणी आहे.

मग आत जाऊन तिने ताजं लिंबू चिरलं. अर्धी फोड घेऊन आली. काचेचं टेकण पायाने सरकवून गॅलरीचं दार पुरतं उघडलं आणि मला बाहेर उभं केलं. फोड माझ्या हातात दिली आणि शेजारी उभी राहिली. पाच मिनिटं उभे होतो. लिंबाचा रस बोटांवरून मनगटावर आला, गार लागला.

नोंद: ०.